राख कशी काढता?

उत्तर इंग्लंडमधल्या वेकफील्डला दोन रेल्वे स्टेशनं आहेत, हे भाचीनं मला तीनदा बजावलं होतं. ‘मामा, लंडनची गाडी तुला वेस्टगेटला सोडेल. गॅलरी दुसऱ्या स्टेशनाजवळ आहे, कर्कगेटजवळ. पण चालत वीसेक मिनिटांचं काम आहे. फक्त उतारानं खाली जायचं, नदीकडे. वर चढायचं नाही.’

मी वर चढलो. समोर कॅथीड्रलचा मनोरा दिसत होता आणि माणसं तिकडेच चालली होती, म्हणून मीही गेलो. तो अख्ख्या यॉर्कशायरमधला सर्वांत उंच मनोरा आहे. एवढी उंच वस्तू समोर असली की आपण बरोबरच चाललोय असं वाटतं, रस्ता विचारावासा वाटत नाही. पाऊस भुरभुरत होता. चूक लक्षात येऊन मी नदीवर पोहोचलो तेव्हा भाषणाला दहा मिनिटं उरली होती आणि माझे बूट पचपच वाजत होते.

मुळात मी इथं कशाला आलो, ते सांगायला हवं. माझी सगळी नोकरी फाउंड्रीत गेली. पंपांची आणि व्हॉल्व्हची ओतकामं. शिल्पकलेशी माझा संबंध चौकातल्या पुतळ्याला वळसा घालून जाण्यापुरता. निवृत्तीनंतर भाचीकडे राहायला आलो, तर तिनं एक दिवस फोन पुढे केला. शिल्पकलेचा मोठा पुरस्कार मिळालेल्या एका शिल्पकार बाईंचं जाहीर भाषण, शुक्रवारी संध्याकाळी, वेकफील्डला. ‘ब्राँझमध्ये काम करते ती. तुझ्याच धंद्यातली आहे,’ भाची म्हणाली. मी हसलो. पण लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून गाडीनं दोन तासांचा तर प्रवास, आणि शनिवारी शिल्पांचं मोठं उद्यान बघता येणार होतं. निघालो.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. त्यांचं बोलणं मी घाईघाईत वहीत उतरवलं, तेही मराठीत. माझ्या चुका त्यांच्या नावावर जायला नकोत.

गॅलरीचं नाव हेपवर्थ वेकफील्ड. कॅल्डर नदीच्या वळणावर, पाण्याला अगदी खेटून उभी आहे. डेव्हिड चिपरफील्ड या वास्तुविशारदानं बांधलेली ही इमारत 2011 मध्ये उघडली. राखाडी-जांभळट काँक्रीटचे वेड्यावाकड्या उतारांचे ठोकळे एकमेकांना चिकटवल्यासारखे, पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते कळत नाही. पादचारी पुलावरून बघितल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो साच्यांची रेती तयार करायचा आमचा सँड प्लांट. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शटरिंगचं काम फार सफाईचं आहे, सांधे बघत मी पुलावर थोडा रेंगाळलोसुद्धा, आधीच उशीर झालेला असताना.

नाव शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्यावरून. त्या 1903 मध्ये याच गावात जन्मल्या. वडील काउंटीचे सर्व्हेयर. मुलगी त्यांच्या मोटारीत बसून डोंगरातले रस्ते पाहत फिरायची. तिला डोंगर हीच शिल्पं वाटायची, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. दुसरे नावाजलेले शिल्पकार हेन्री मूर 1898 चे, जवळच्याच कॅसलफर्डचे, खाणकामगाराचा मुलगा. दोघं लीड्सच्या कलाशाळेत एकत्र शिकले. एवढ्याशा टापूत, कोळशाच्या खाणींच्या मधोमध, पाच वर्षांच्या अंतरानं अशी दोन माणसं निपजली. गॅलरीच्या नावानं 2016 मध्ये शिल्पकलेचा एक पुरस्कारही सुरू झाला. पहिला हेलन मार्टेन यांना मिळाला तेव्हा तो 30,000 पौंडांचा होता, आणि तो त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्यांबरोबर वाटून घेतला. त्याच वर्षी त्यांना टर्नर हा कलेतला मोठा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तोही वाटून घेतला. गाडीत हे वाचल्यावर ही मंडळी आपल्याला वाटतात तशी नसावीत, अशी पहिली शंका आली.

भाषणाला शंभरेक माणसं असतील. मी शेवटच्या रांगेत, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून पाय उचलून बसलेला.

बाई साठीच्या पुढच्या. केस आखूड, चष्मा दोरीला अडकवलेला, आणि उजव्या मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग. तो डाग मी ओळखतो. धातूचा थेंब उडून हातमोज्याच्या आणि बाहीच्या मधल्या जागेत बसला की तसा पडतो. माझ्याही हातावर दोन आहेत.

त्या बोलायला लागल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी पाय खाली टेकले. प्रेरणा, अंतर्मन असलं काही नाही. पडद्यावर एका जुन्या दोरखंडाचा फोटो. धक्क्याला जहाजं बांधून ठेवायचा, मनगटापेक्षा जाड, झिजलेला दोर. हा दोर त्या ब्राँझमध्ये ओततात. आता कुणीही म्हणेल, त्याचा रबराचा साचा घ्यायचा, त्यात मेणाची प्रत काढायची, मग नेहमीची मेण वितळवायची पद्धत. बाई तसं करत नाहीत. मेणाच्या जागी खुद्द दोरच घालतात. दोराला मेणाचे रनर आणि रायझर, म्हणजे धातू आत जायच्या आणि वर यायच्या वाटा, जोडायचे, मग सगळंच सिरॅमिकच्या रबडीत बुडवायचं, वर बारीक रेती मारायची, वाळवायचं, परत बुडवायचं. असे थर चढवत चढवत कवच तयार झालं की भट्टीत घालायचं. आत दोर जळून जातो. उरलेल्या पोकळीत अकराशे अंशांच्या वर तापलेलं ब्राँझ ओतायचं. दोर एकच, त्यामुळे संधीही एकच. फसलं की दोरही गेला आणि शिल्पही.

पुढच्या बाकांवरच्या मंडळींनी ‘अरेरे’सारखा आवाज काढला. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. मेण वितळतं, वाहून जातं, मागे फारसं काही ठेवत नाही. दोर जळला तर राख राहणार. राख आत राहिली आणि वर धातू पडला, की पृष्ठभागावर खड्डे. आमच्याकडे साच्यात चिमूटभर कचरा राहिला तरी व्हॉल्व्ह गळायचा आणि माल परत यायचा.

मग त्यांनी एक फोटो दाखवला. दोराची वेटोळी, आणि मधेच दोर संपलेला. टोक गोलसर, मेणबत्तीच्या ओघळासारखं गुळगुळीत. धातू पुढे पोहोचायच्या आत थिजला होता. आमच्या भाषेत मिसरन. हे त्यांनी भंगारात टाकलं नाही, प्रदर्शनात ठेवलं. का ठेवलं, हे त्या बराच वेळ सांगत होत्या: धातू कुठं थांबला ते धातूनं ठरवलं, माझा हात तिथं संपला वगैरे. लोक माना डोलवत होते. मला ते सगळं पटलं नाही. ओतायला उशीर झाला, लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, धातू गार झाला, एवढीच गोष्ट असू शकते. दोषाला दोष म्हणायची सवय तीस वर्षांत हाडात मुरली की एका संध्याकाळी निघत नाही.

पण फोटो परत बघायची इच्छा होत होती, हेही खरं.

प्रश्न विचारायची वेळ आली. पहिल्या बाईंनी विचारलं, एकटेपणाचं तुमच्या कामात काय स्थान आहे. दुसऱ्या गृहस्थांचा प्रश्न इतका लांबला की शेवटी तो प्रश्न नव्हताच, असं निघालं. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. माईक आला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं, ‘राख कशी काढता?’

सभागृहात थोडी शांतता. एकदोघांनी वळून बघितलं. मृत्यूबद्दल काहीतरी खोल विचारतोय अशी त्यांची समजूत झाली असावी.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला शोधलं आणि विचारलं, तुम्ही फाउंड्रीतले का? मग पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंच. कवचाच्या दोन्ही टोकांना मुद्दाम तोंडं ठेवायची. जळून झालं की गार होऊ द्यायचं, एका तोंडातून दाबाची हवा, मग पाणी, हलवून हलवून खळखळून धुवायचं. वाळवायचं, तोंडं बुजवायची, पुन्हा तापवायचं आणि मगच ओतायचं. सुताचा पीळ घट्ट असला तर राख सांध्यांमध्ये अडकते, ती काही केल्या निघत नाही. नायलॉनचा दोर एकदा करून पाहिला, परत नाही. दोर भरीव असल्यानं श्रिंकेजचा, म्हणजे थिजताना धातू आकसण्याचा, त्रास. मोठ्या वेटोळ्यांचे तुकडे करून ओतायचे आणि नंतर वेल्ड करून सांधा कोरून काढायचा. पिळावर पीळ जुळवायला तीन-तीन दिवस. शेवटी संयोजक घड्याळ बघत पुढे आले.

त्या खड्ड्यांचं काय करता, हे विचारायचं राहूनच गेलं. उत्तर अर्थात पडद्यावर होतं. ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरी उघडताच मी पुन्हा तिथं. आता सावकाश बघायचं होतं. हेपवर्थ यांच्या घरच्यांनी दिलेले प्लास्टरचे मूळ नमुने इथं ठेवलेत, चाळीसहून जास्त. हेपवर्थ मूळच्या दगड-लाकूड कोरणाऱ्या. ब्राँझकडे त्या 1956 मध्ये वळल्या. तेव्हाही मातीत दाबून घडवणं त्यांना मानवलं नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीच्या सांगाड्यावर प्लास्टर थापायचं, ते घट्ट झालं की दगडासारखं तासायचं. कानशीचे ओरखडे, तासणीचे घाव, सगळं जसंच्या तसं दिसतं. कोपऱ्यावर एका ठिकाणी प्लास्टर कमी पडलं म्हणून वर थापलेला लपका आहे, तोही घाईत. म्हणजे हे सगळे पॅटर्न, ज्यांच्यावरून साचा काढतात ते! आमच्याकडे ओतकाम गिऱ्हाइकाकडे जायचं आणि पॅटर्न माळ्यावर धूळ खायचे. इथं उलट: ओतकामं जगभर गेली आणि पॅटर्न छतातून झिरपणाऱ्या उजेडात मानानं उभे. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुइस दुकानाच्या भिंतीवर 1963 पासून पंखांसारखं एक शिल्प आहे. त्याचा पूर्ण आकाराचा नमुनाही इथं आहे, जवळपास सहा मीटर उंच. लंडनमध्ये त्याच्याखालून मी दोनदा गेलो होतो. मान वर केली नव्हती.

दुपारी बसनं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कला गेलो. ब्रेटन हॉल नावाच्या जुन्या जहागिरीचा 500 एकरांचा परिसर, 1977 पासून शिल्पांसाठी. सगळं पाहून होत नाही, प्रयत्नही करू नये. हेपवर्थ यांच्या ‘फॅमिली ऑफ मॅन’मधल्या नऊ आकृत्या उतारावर उभ्या आहेत, जत्रेला आलेल्या कुटुंबाची चुकामूक झाल्यासारख्या.

एक खोली मात्र सांगितलीच पाहिजे. रॉजर हायोर्न्स या कलाकारानं 2008 मध्ये लंडनच्या एका रिकाम्या सरकारी फ्लॅटमध्ये कॉपर सल्फेटचं 75,000 लिटर द्रावण भरलं आणि नंतर उरलेलं काढून घेतलं. आतल्या भिंती, छत, न्हाणीघरातला टबसुद्धा निळ्या स्फटिकांनी मढून गेला. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा तो फ्लॅट आख्खा उचलून 2013 मध्ये इथं आणला. आत थोडीच माणसं सोडत होते. लोक कुजबुजत होते, परीकथा, गुहा. मी मनात म्हटलं, मोरचूद! द्राक्षांवर चुन्यात कालवून फवारतात तो. ओळखीच्या वस्तूनं इतकं परकं दिसावं, याची जरा धास्तीच वाटली. बाहेर आलो तेव्हा उन्हाचा रंग पिवळा जर्द दिसत होता.

हेन्री मूरची मोठी ब्राँझ शिल्पं खालच्या कुरणात आहेत आणि भोवती मेंढ्या चरतात. मी गेलो तेव्हा एक मेंढी शिल्पाच्या खालच्या कडेला अंग घासत होती, मन लावून, डोळे मिटून. ती हलेपर्यंत थांबलो. मग आजूबाजूला बघितलं आणि बोटाच्या पेरानं हळूच ठोकून पाहिलं. पोकळ. घंटेसारखा नाही, रिकाम्या टाकीसारखा आवाज. एवढं अवाढव्य धूड, आणि जाडी बहुधा माझ्या करंगळीएवढीही नाही.

मागच्या बाजूला, मेंढीनं घासून घासून चकचकीत केलेल्या जागेच्या जरा वर, ब्राँझवर चढलेल्या हिरव्या-तपकिरी थरातून, पॅटिनातून, एक फिकट रेघ गेलेली दिसली. दोन तुकड्यांचा सांधा. कोरून, घासून, रंग चढवूनही वेल्डचा धातू थोडा वेगळा मुरतो, तो लपत नाही. त्या रेघेत लोकरीचे दोन धागे अडकले होते. गुडघ्यावर बसून अगदी जवळून फोटो काढला आणि भाचीला पाठवला.

बस यायच्या आत तिचं उत्तर आलं. ‘मामा, फोटो हलला वाटतं. शिल्प कुठंय यात?’