फेअरबँक्स घराची प्रतिकृती : आढे सरळ केले, हीच चूक

मागच्या नोंदीपर्यंत सांगाडा उभा झाला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावचे हे घर उत्तर अमेरिकेत आजवर टिकलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. जोनाथन फेअरबँक्स आणि ग्रेस हे इंग्लंडहून आलेले दांपत्य त्याचे मूळ मालक. वृक्षवलयांच्या तपासणीनुसार त्यातले ओकचे लाकूड १६३७ ते १६४१ या काळात तोडलेले आहे. शिवाजी महाराजांचे बालपण सुरू होते, तेव्हाची ही तोड.

प्रतिकृती १:४८ या प्रमाणात असून सांगाड्याला हेदूचे लाकूड वापरले आहे. मूळ घरातले सांधे कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले आहेत. या मापात ते सारे कोरणे माझ्या हाताबाहेरचे होते, म्हणून फक्त चार कोपऱ्यांचे सांधे खरे केले आणि बाकीचे चिकटवले.

या महिन्यात छपर घातले आणि तिथेच फसलो. गुण्या लावून आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, इतके सरळ बसवले की घर कालच बांधल्यासारखे दिसू लागले. खऱ्या घराचे आढे मधोमध स्पष्ट खचलेले आहे, कारण शतकानुशतके भार वाहणारे लाकूड हळूहळू वाकते आणि मग त्याच आकारात राहते. शेवटी पाखे उतरवले, आढ्याची पट्टी गरम पाण्यात भिजवली आणि दोन टेकूंवर ठेवून मधोमध वजन टांगून रात्रभर तशीच राहू दिली. छायाचित्रांवरून अंदाजाने दिलेला २ मिमीचा बाक मूळ मापात जवळपास १० सेंमी होतो.

घर १६४१ सालचे दाखवावे की आजचे, हा वादही त्यामुळे मिटला. मागची उतरती पडवी आणि दोन्ही बाजूंच्या, मधेच मोडलेल्या उताराच्या छपरांच्या वाढीव खोल्या वगळल्या असत्या, तर काम निम्म्यावर आले असते. परंतु आठ पिढ्या एकाच कुटुंबाने सांभाळलेल्या घराची ती वाढ आहे आणि ती पुसून टाकणे मला पटत नाही. शेवटची रहिवासी रिबेका हिने १९०४ मध्ये घर सोडले, तोवर तिथे वीज नव्हती. पुढे वंशजांच्या संस्थेने त्याचे संग्रहालय केले आणि १९६० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

बाहेरच्या फळ्या २ मिमी अंतराने एकीवर एक चढवल्या आहेत. त्यांना आधी कडक चहाचा हात आणि तो वाळल्यावर लोखंडी काथ्या मुरवलेल्या व्हिनेगरचा हात दिला, की चहातल्या टॅनिनमुळे करडा-काळा रंग चढतो. मात्र जिथे गोंद सांडला होता तिथे पांढरे डाग राहिले, तेव्हा रंग देऊन मगच चिकटवावे.

आता मधले धुराडे उरले आहे. त्यासाठी छपरात जागा मोकळी ठेवली असून ४ मिमी लांबीच्या विटा पुठ्ठ्यातून कापायला घेतल्या आहेत.