नवा जॉब आणि घरी शिवलेले कपडे

रविवार, रात्री

आज दिवसभर मशीनवरच होते. नव्या नोकरीला महिना होत आलाय आणि कपाट हळूहळू ऑफिसचं व्हायला लागलंय, तेही बाहेरून एकही रेडिमेड कपडा न आणता. याचा मला खरंच खूप आनंद झालाय म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय.

जॉइन व्हायच्या आधी मेल आला होता, त्यात 'बिझनेस कॅजुअल' एवढंच लिहिलेलं. मैत्रिणी म्हणाल्या मॉलमधून चार ट्राउझर, चार शर्ट घे आणि मोकळी हो. गेले होते, घालूनही बघितले. बहुतेक सगळं पॉलिस्टर, खांद्याला बसतंय ते कमरेला लोंबतंय आणि खिसे नुसते दाखवायला, आतून बंद. इतकी वर्षं मी माझ्या मापाचं सुती कापड घालतेय. सकाळी सहाला अंगावर चढलेला कपडा रात्री आठपर्यंत राहणार, तो मी दुसऱ्याच कुणाच्या मापाचा का घालू? मग ठरवलं, आहेत तेच कपडे उसवायचे आणि बदलायचे. हे जमतंय ते आईमुळे, तिनं शिवण शिकवताना पहिली सवय लावली ती बाजूच्या शिवणीत इंचभर तरी माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायची, कापड कितीही कमी असलं तरी.

मला वाटलं होतं ऑफिसचे कपडे म्हणजे कॉलर, कफ, गडद रंग वगैरे. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त विचार करायला लावला लोकलनं. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत उभ्यानं, एक हात वर कडीला, दुसरा बॅगेवर, आणि हात वर गेला की अख्खा कुर्ता वर चढतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतो ती बगलेची गोलाई, खोल ठेवला की हात मोकळा होतो असं बऱ्याच जणींना वाटतं पण उलट आहे, मुंढा जितका खाली तितकं हात उचलल्यावर बाजूचं कापड सोबत ओढलं जातं. मुंढा बगलेच्या जवळ घ्यायचा आणि बाहीचा वरचा गोल जरा उथळ आणि रुंद ठेवायचा, की हात खुशाल वर करा, कुर्ता जागेवर राहतो. नवीन शिवेन ते असंच. पण जुन्यांचं काय, कापलेलं कापड परत वाढवता येत नाही, मग त्यांना बगलेत चौकोनी तुकडा तिरका करून जोडला, पूर्वीच्या सदऱ्यांना असायचा ना तसा. आजोबांचा एक सदरा ट्रंकेत आहे, त्याची बगल उलटून बघत बघत केलं. इतकं साधं डोकं चालवलंय त्यात आणि आपण ते सोडून का दिलं कळत नाही.

कळीदार कुर्त्यांचा, म्हणजे घेरासाठी बाजूला तिरके तुकडे (कळ्या) जोडलेल्या कुर्त्यांचा, घेर पण गर्दीत चालत नाही, कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकतोच. दोन्ही बाजूंच्या कळ्या काढल्या आणि परत जोडलं, आता छान सुटसुटीत पडतात. निघालेल्या कळ्यांचे खिसे केले, खोल, आजकालचा मोबाईल पूर्ण आत जाईल एवढे, कारण उतरताना मोबाईल हातात नको असतो. साईडचे कट वरून तीन-तीन इंच शिवून टाकले, उभं असताना तेवढा कट बरा वाटतो पण खुर्चीत बसलं की फार उघडतं. ओढणी ऑफिसला बंदच, खुर्चीच्या चाकात जाते. पलाझो घोट्याच्या वर घेतले, जून तोंडावर आलाय आणि कुर्ला स्टेशनबाहेरचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

अजरखचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाचा, निळा कुर्ता मात्र अजून बाहेर काढला नाहीये. निळीचा (इंडिगोचा) जास्तीचा रंग घासून निघतो आणि आमच्या खुर्च्या फिक्या राखाडी आहेत. मीठ-व्हिनेगर घालून हा रंग पक्का होत नाही, जास्तीचा रंग निघून जाईपर्यंत वेगळं धुत राहणं एवढाच उपाय. धुतेय. तो कुर्ता माझा सगळ्यात लाडका आहे, त्याला वेळ देणार.

आणि आजचं मोठं काम म्हणजे खणाचं जॅकेट! ऑफिसमध्ये एसी इतका असतो की दुपारी बोटं गार पडतात. ट्रंकेत कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण पडून होते, आईला ओटीत आलेले, मरून आणि मोरपिशी रंगाचे. खणाचा पन्ना (कापडाची रुंदी) कमी म्हणून पाठीला मधोमध जोड दिला, पुढच्या दोन्ही कडांना त्याचेच काठ घेतले, बंद गळ्याला ताठपणासाठी आतून पेस्टिंगचं कापड लावलं आणि आत जुन्या मऊ कॉटन साडीचं अस्तर. साध्या काळ्या कुर्त्यावर घालून आरशासमोर उभी राहिले तर डोळ्यात पाणीच आलं, आईनं जपून ठेवलेलं कापड कामाला चाललंय माझ्यासोबत. आई म्हणाली, "अगं, खण कुणी ऑफिसला घालतं का?" मग स्वतःच जवळ येऊन खांद्याची शिवण सरळ केली आणि म्हणाली, काज मशीननं नको, हातानं कर, दोरा दुहेरी घे.

आता उरल्या पँटी. मंगलदास मार्केटमधून काळं पॉपलीन आणलंय, भिजवून आटवून ठेवलंय. मागची बैठक, म्हणजे पँटीची मागची कमरेपर्यंतची उंची, नेहमीपेक्षा इंचभर वाढवणार, दिवसभर बसून काम असेल तर कंबर मागून खाली सरकत राहते ती त्यानं थांबते. कापायचं पुढच्या शनिवारी, उद्या ६:५२ पकडायची आहे आणि काजं अजून व्हायचीत.