फाइल दिसते, पण ती तिथे नसते

टॅबलेटवर फाइलचं नाव दिसतंय, छोटं चित्रही दिसतंय. बोट ठेवलं की नुसतं चक्र फिरतंय. नेट गेलंय.

"अहो, माझ्याच टॅबमध्ये आहे ना ती!" आज ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

कारण ती टॅबमध्ये नव्हतीच. तिथे होतं फक्त नाव आणि चित्र, मजकूर सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून जोडलेल्या दूरच्या संगणकावर, क्लाउडमध्ये. हार्डडिस्कच्या काळात फाइल दिसली म्हणजे ती जवळ असायचीच. आता तसं नाही. गूगल ड्राइव्हमध्ये नावाशेजारच्या तीन टिंबांवर दाबून फाइल ऑफलाइन ठेवायला सांगावं लागतं, तेही नेट असतानाच. मग विमान मोड लावून ती एकदा उघडून बघायची.

याहून वाईट घोळ वेगळाच. टॅबवर जागा हवी म्हणून ड्राइव्हमधली फाइलच डिलीट केली, तर ती लॅपटॉपवरूनही जाते. सिंक म्हणजे सगळ्या उपकरणांवर फाइल सारखी ठेवणं, बॅकअप (वेगळी राखीव प्रत) नव्हे! ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. जागा हवी असेल तर टॅबवरची ऑफलाइन प्रत तेवढी काढून टाका.

तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या फाइलची क्लाउडबाहेर, पेनड्राइव्हवर का होईना, एक प्रत आहे का?