स्पॅनिशमध्ये 'हिसकावणं' शिकताना: माझा अनुभव

डेले बी-२ या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची तयारी करताना मी अडले ती एकाच ठिकाणी: झटकन घेण्याची क्रियापदं. इंग्रजीत ग्रॅब, स्नॅच, सीझ, क्लच यांना वेगवेगळ्या छटा आहेत. आमच्या क्लासने वाटलेल्या कागदावर मात्र चारहींपुढे एकच शब्द होता, आगार्रार. विचारलं तर म्हणे, "संदर्भाने कळतं." त्या उत्तराचा मला अजून राग येतो. संदर्भाने वाचणाऱ्याला कळतं. बोलणाऱ्याला नेमका शब्दच हवा असतो.

तोंडी परीक्षेत फोटो पाहून प्रसंग सांगायचा असतो. सरावाच्या एका फोटोत मोटरसायकलवाला बाईची पर्स खेचून पळत होता. आगार्रार म्हटलं की त्याने पर्स नुसती पकडली. हिसकावायला आर्रेबातार हवं. आणि खरी गोम त्यापुढे आहे. आपण 'बाईची पर्स हिसकावली' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'ले आर्रेबातो एल बोल्सो आ ला सेन्योरा' म्हणतो, म्हणजे जवळजवळ 'बाईला पर्स हिसकावली'. इंग्रजीतल्या 'फ्रॉम'मुळे तिथे 'दे' घालावंसं वाटतं. पण जिचं गेलं ती बाई 'आ'ने येते. हातातून हिसकावलं असेल तर 'दे लास मानोस' बरोबर.

शेवटी मी इंग्रजीला मधून काढूनच टाकलं आणि थेट मराठी बातम्यांवरून जोड्या लावल्या. मंगळसूत्र हिसकावलं: आर्रेबातार. कस्टम्सने सोनं जप्त केलं: देकोमिसार. लष्कराने सत्ता बळकावली: आपोदेरार्से, पुढे 'दे'. कठडा घट्ट धरून ठेवला: आफेरार्से, पुढे 'आ'. बिबट्याने झडप घातली: आबालान्सार्से, पुढे 'सोब्रे'. या छटा आपल्याकडे आधीपासून आहेत, मग वळसा कशाला? क्रियापद पाठ करताना पुढचा 'दे' किंवा 'आ' सोबतच पाठ करा.

आसीर, म्हणजे घट्ट धरणं, फक्त ओळखता आलं तरी पुरे. त्याचं 'मी'चं रूप आस्गो होतं, पण बोलण्यात ते सहसा येत नाही.

डेले बी-२ मध्ये लेखी-वाचन आणि ऐकणं-बोलणं असे दोन गट असतात, प्रत्येकात ५० पैकी किमान ३० गुण लागतात. माझं ऐकणं कच्चं होतं, ते बोलण्याने भरून काढलं. निकालात 'आप्तो', म्हणजे उत्तीर्ण, दिसलं तेव्हा आर्रेबातारवर घालवलेल्या संध्याकाळी वसूल झाल्यासारखं वाटलं.

हो, आणि कोखेर, म्हणजे घेणं किंवा पकडणं! स्पेनमध्ये बस पकडायलाही हेच क्रियापद बिनदिक्कत वापरतात. मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या माणसासमोर मात्र ते तोंडातून काढू नका, तिथे ते अश्लील आहे. तिथे तोमार किंवा आगार्रार म्हणा.