स्तोत्र 13 घेऊन आठवडाभर प्रार्थना

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कोणी विचारपूस केली की ‘प्रभूच्या कृपेनं बरं आहे’ हे उत्तर ओठांवर तयारच असतं. मग घरात आजारपण असो, नोकरी गेलेली असो की मन पार खचलेलं असो. हळूहळू हेच उत्तर प्रार्थनेतही शिरतं आणि माणूस देवासमोरसुद्धा पाहुण्यासारखा अवघडून बसतो. पण प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (2:20) देवाच्या पुत्राने ‘माझ्यावर’ प्रीती केली असं एकवचनात म्हणतो. ज्याची प्रीती इतकी व्यक्तिगत आहे, त्याच्यापाशी दुःखही नीट, नावानिशी सांगता आलं पाहिजे.

हे शिकायला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 सर्वांत चांगलं. वचनं सहाच. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कुठवर?’ असं विचारतो. नीट पाहिलं तर त्याच्या तक्रारीला तीन तोंडं आहेत: देव मला विसरलाय, माझ्या मनात दिवसभर दुःख आहे, शत्रू माझ्यावर वरचढ झालाय. तिसऱ्या-चौथ्या वचनांतली मागणी याच तिन्हींना धरून येते: माझ्याकडे पाहा, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे, शत्रूला जिंकल्याचा आनंद मिळू देऊ नको.

वही घ्या आणि रोज पंधरा मिनिटं काढा. स्तोत्र एकदा मोठ्यानं वाचा. मग ‘देवा, तू…’ अशी सुरुवात करून तीन ओळी लिहा: एक देवाविषयी, एक स्वतःविषयी, एक ज्या माणसामुळे वा परिस्थितीमुळे त्रास होतोय तिच्याविषयी. ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. ते अपमान आहे, भीती आहे, मत्सर आहे की एकटेपण, ते लिहा. ‘भावानं मला न विचारता घराचा निर्णय घेतला, मला डावलल्यासारखं वाटतं’ ही प्रार्थनेची उत्तम ओळ आहे. नंतर प्रत्येक ओळीखाली एकेक मागणी लिहा. आठवडाभर हेच स्तोत्र ठेवा. रोज नवं घेतलं की मन शब्दांवरून नुसतं घसरत जातं.

बहुतेकांचं गाडं अडतं ते पाचव्या वचनाशी. तिथे भरवसा आहे, सहाव्यात गाणं. उपकारस्तुतीची सवय असलेली माणसं पहिली चार वचनं उरकून थेट तिथे पोचतात. मग राग आत तसाच राहतो आणि संध्याकाळी मुलांवर निघतो. काहीजण उलट तक्रारीतच फिरत राहतात, कारण मागणी करायची राहूनच जाते. भरवशाची ओळ त्या दिवशी खरेपणानं म्हणता येईल तेवढीच लिहा. काहीच म्हणता आलं नाही तर स्तोत्र 88 उघडा. त्याची 18 वचनं अंधारातच संपतात, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. तक्रार घेऊन देवाकडे वळणं हाही विश्वासच.

येशूकडे पाहा. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही तो कबरेकडे जाताना रडला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे’ हे त्याने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना उघड सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही तीच प्रार्थना केली. तेव्हा आठवड्याच्या शेवटी वहीतली एक तरी ओळ विश्वासातल्या माणसाला वाचून दाखवा. ते माणूस उपदेश न करता ऐकणारं आणि दुसऱ्यांच्या गोष्टी बाहेर न सांगणारं हवं.

शरीराकडे मात्र दुर्लक्ष नको. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली निजतो, तेव्हा देव त्याला आधी झोप, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतरचा. दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही न थांबता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. पाळकांनीही हा क्रमांक प्रार्थनाविनंत्यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.