शपथ कोणाची?

फोर्टातल्या एका फौजदारी कोर्टात मी दुभाषी आहे. साक्षीदार पिंजऱ्यात आला की पहिलं काम शपथेचं. शपथ देतात ती न्यायाधीशच, १९६९ च्या शपथ कायद्यात तसं स्पष्ट म्हटलंय. पण ते शब्द साक्षीदाराच्या कानावर पडतात माझ्या तोंडून. मी म्हणायचं, त्याने मागून म्हणायचं.

त्या दिवशी पिंजऱ्यात ससून डॉकवर कोळंबी सोलणारी एक मावशी होती. साठीच्या आसपासची, बोटांच्या पेरांवर बारीक काळ्या चिरा. डॉकवरच्या मारामारीची साक्ष होती. आधी तिने टेबलावर पुस्तक शोधलं. सिनेमामुळे सगळेच शोधतात. कायद्यातल्या नमुन्यात मात्र कुठलाही ग्रंथ नाही.

"मावशी, आता तुम्हाला शपथ द्यायचीय. मी म्हणते तसं म्हणा. मी ईश्वरसाक्ष शपथ घेते की..."

ती गप्प. मग म्हणाली, "कोणाची?"

"म्हणजे?"

"शपथ कोणाची? पोराची मी नाय घेणार, बाई. एकच पोरगा हाय माझा."

आरोपीचे वकील लगेच उठले. साक्षीदार शपथ घ्यायला नकार देतेय, नोंद व्हावी. असा नकार हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तेव्हा कळलं, घोटाळा माझ्या शब्दाने केला होता. 'शपथ देणे' ही कोर्टाची आणि राजभवनाची भाषा. राज्यपाल मंत्र्यांना पद आणि गोपनीयतेची शपथ देतात, ती ही. घरातली शपथ अशी नुसती नसते. ती आईची असते, गळ्याची असते, आणि बऱ्याचदा एकाने दुसऱ्याला घातलेली असते: "तुला माझी शपथ आहे, जाऊ नकोस." मोडली तर भोगायचं कोणी? जिची शपथ तिने. मी 'शपथ देते' म्हटलं, मावशीने 'शपथ घालते' असं ऐकलं. खरं तर कोर्टात देणारा कोणावर काही घालत नाही. तो शब्द पुढे करतो, भार उचलतो तो म्हणणाराच.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मुलाची शपथ कायद्यालाही चालत नाही. सांगा त्यांना."

कलम ६ मध्ये ते आहे. साक्षीदाराला आपल्या समाजाच्या रीतीने शपथ घ्यायची असेल तर कोर्ट परवानगी देऊ शकतं, पण ती शपथ तिसऱ्या माणसावर जाणारी नसावी. हे कलम मी कितीदा वाचलं असेल. त्यात मुलावर हात न ठेवणारी आई मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"मावशी, पोराचं नाव इथे कोणी घेत नाही. साहेब घेऊसुद्धा देणार नाहीत. बोलणाऱ्या तुम्ही, जबाबदारी तुमची. देव फक्त साक्षीला. देवाचं नाव नको असेल तर नुसती प्रतिज्ञाही करता येते."

"देव पायजे. आमची एकवीरा चालंल?"

साहेब म्हणाले, "ईश्वरसाक्ष म्हणा. मनात कोण आहे ते कोर्ट विचारत नाही."

मग तिने म्हटलं. सत्य सांगेन, संपूर्ण सत्य सांगेन, सत्याशिवाय काहीही सांगणार नाही. 'संपूर्ण'ला अडखळली, मागे गेली, पुन्हा नीट म्हणाली.

साक्ष पाऊण तास चालली. मारताना पाहिलं, हातात काय होतं ते दिसलं नाही. सरकारी वकिलांनी तिला तेच दोनदा फिरवून विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "नाय दिसलं."

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात ती माझी वाट बघत उभी होती.

"बाई, तुमीच दिली ना शपथ? मंग आता सुटली म्हणा."

कोर्टाच्या शपथेला असं काही नसतं. "सुटली, मावशी," मी म्हटलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती जिन्याकडे निघाली.