सफरचंद आणि खिडकीतलं भूर्ज

१६ एप्रिल, बर्लिन

सकाळी लेकीच्या डब्यासाठी सफरचंद चिरताना सवयीनं एक फोड तोंडात टाकली. गिळायच्या आतच टाळूला खाज सुटली, ओठ हुळहुळले, मग कानात, बोट पोचणार नाही अशा जागी. चूळ भरली. वीसेक मिनिटांत सगळं ओसरलं.

दोन वर्षं मी फळांनाच दोष देत होते. आई फोनवर म्हणायची, "मेण चोपडतात गं त्यांना, गरम पाण्यानं धू आणि साल काढ." साल काढली की त्रास जरा कमी व्हायचा, म्हणून तिचंच खरं वाटायचं. लहानपणी आंब्याचा चीक लागून ओठ उतायचे, पण ते दुसऱ्या दिवशी, आणि मग आठवडाभर खपल्या. हे तसं नव्हतं.

परवा ॲलर्जीच्या डॉक्टरांनी हातावर थेंब ठेवून टोचण्याआधीच विचारलं, "वसंतात डोळे चुरचुरतात का?" चुरचुरतात, दरवर्षी. बर्चचे पराग! त्यांच्यातलं एक प्रथिन आणि सफरचंदातलं एक प्रथिन इतकं मिळतंजुळतं, की परागांवर चिडलेलं शरीर फळालाही तेच समजतं. चेरी, पीच, कच्चं गाजर, हेझलनट यांचंही बऱ्याच जणांना असंच होतं. हे प्रथिन नाजूक असतं, पोटात गेलं की मोडतं, म्हणून त्रास बहुधा तोंडापुरताच राहतो. पण सोया दूध पिऊ नका, त्यानं जोरात रिॲक्शन येऊ शकते, असं त्यांनी बजावलं. आणि घसा आवळला किंवा श्वास अडला, तर थांबायचं नाही, ११२ ला फोन. आल्या आल्या सोया दुधाचा खोका शेजारी देऊन टाकला.

बर्च म्हणजे आपलं भूर्ज, भूर्जपत्राच्याच कुळातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे. पांढरं खोड, तुरे लोंबताहेत. हे घर घेताना मी त्याच झाडावर भाळले होते, आणि अजूनही त्याचा राग येत नाही.

उरलेल्या फोडी तुपावर दालचिनी घालून मऊ शिजवल्या. काही झालं नाही. चव छान होती, पण दाताखाली करकर नव्हती, आणि मला नेमकी तीच हवी होती. बोस्कोपसारख्या जुन्या, आंबट जाती काहींना सोसतात म्हणे. ऑक्टोबरात डॉक्टरांना विचारून एक फोड खाऊन बघणार आहे.